कोसा, वीज आणि हाड

रायपूरचा ब्राह्मणपारा म्हणजे जुन्या शहराचा गाभा. जवळच कंकाली तलाव, दसऱ्याला वर्षातून एकच दिवस उघडणारा कंकाली मठ आणि माधवराव सप्रे राहत तो तात्यापारा. भोसल्यांच्या अमलात आणि त्यानंतरही नागपूरकडून आलेली मराठी घरं या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. इथून आझाद चौकात यावं आणि पश्चिमेला जी. ई. रोड धरावा, की एकाच रस्त्यावर आधी एनआयटी लागते, पुढे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि टाटीबंधला एम्स. पहिल्या ठिकाणी जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी औषध शरीरात कुठे, कधी आणि किती सुटावं याचा अभ्यास चालतो, तिसऱ्या ठिकाणी मोडकी हाडं येतात. या तिन्ही खात्यांना एकत्र बसवणारा एक विषय गेल्या पंचवीसेक वर्षांत उभा राहिला आहे: मोडलेल्या किंवा सडलेल्या हाडाच्या जागी अतिसूक्ष्म धाग्यांची परांची बसवायची, तिच्यावर शरीराच्या पेशींनी नवं हाड बांधायचं, आणि बांधकाम चालू असताना त्याच धाग्यांतून औषध झिरपत राहायचं. काम झालं की परांची आपोआप विरघळून जायची.

विषय नवा आहे, धागा मात्र जुना. तो विजेनं काढतात आणि त्या तंत्राला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोनेकशे धागे शेजारी शेजारी सहज मावतील. याचा इतिहास वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हे तंत्र अमक्यानं शोधलं असं म्हणण्याची सोय नाही. जवळजवळ प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी ते नव्यानं शोधलं, चार लोकांनी वाहवा केली आणि प्रकरण कपाटात गेलं. इतक्या बारीक धाग्याचं करायचं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

१६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानं चुंबकावरच्या आपल्या ग्रंथात एक बारीकशी नोंद केली. घासलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला तर थेंब वर ओढला जातो आणि शंकूसारखा टोकदार होतो. पुढे साऱ्या गोष्टीचं मूळ या टोकातच निघालं, पण त्या शंकूचं गणित पक्कं व्हायला जेफ्री टेलर यांचा १९६४ चा निबंध यावा लागला. आज त्याला टेलरचा शंकू म्हणतात. गिल्बर्टच्या वाट्याला चुंबकाची कीर्ती आली, शंकूची नाही.

१८८७ मध्ये लंडनच्या चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी बारीकात बारीक धाग्यांवर एक निबंध वाचला. त्यांना तराजूंसारख्या नाजूक उपकरणांत टांगायला धागा हवा होता. त्यासाठी त्यांनी केलेला मुख्य उद्योग वेगळाच होता: वितळलेल्या क्वार्ट्‌झला बाण चिकटवायचा आणि धनुष्यानं तो खोलीभर सोडायचा, की मागे क्वार्ट्‌झचा तंतू ओढला जाई. पुढे असल्याच तंतूवर गोळे टांगून त्यांनी गुरुत्वस्थिरांक मोजला. पण त्याच निबंधात विजेच्या कताईचाही उल्लेख आहे. एक लहानशी बशी, ती विजेच्या यंत्राला जोडलेली, बशीत वितळलेला पदार्थ. कडेशी आलेल्या द्रवातून धागे आपणहून सुटतात. मेण, गटापर्चा, कोलोडियन आणि लाख. ही लाख बहुधा हिंदुस्थानातूनच गेली असणार, कारण तेव्हा जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हाच होता. आणि बॉइज काय म्हणतात? हा प्रयोग जुनाच आहे, आता फारसा कुणाला ठाऊक नाही. म्हणजे १८८७ मध्येच तो एकदा सापडून एकदा विसरलाही गेला होता!

१९०२ साली अमेरिकेत दोन पेटंटं निघाली, फेब्रुवारीत जॉन कूली यांचं आणि जुलैत विल्यम जेम्स मॉर्टन यांचं. यांतले मॉर्टन डॉक्टर होते, विजेच्या उपचारांत आणि क्ष-किरणांत रमणारे. त्यांचे वडील म्हणजे १८४६ मध्ये बॉस्टनला ईथर देऊन भर सभेत शस्त्रक्रियेची भूल दाखवणारे मॉर्टन. बापानं शस्त्रक्रियेतली वेदना काढली. मुलाच्या हातात शस्त्रक्रियेला शंभर वर्षांनी लागणारा धागा होता, पण पेटंटात त्याचा मागमूस नाही. द्रव विजेनं विखरून पाडायची एक युक्ती, एवढीच त्याची नोंद. १९३४ मध्ये जर्मनीच्या आंटोन फोर्महाल्स यांनी कृत्रिम सुतासाठी पेटंट घेतलं आणि पुढची दहा वर्षं एकामागून एक घेत राहिले. सगळी धडपड कापडासाठी. पण त्याच दशकात नायलॉन आलं आणि कापडाच्या शर्यतीत विजेच्या धाग्याचा निभाव लागला नाही.

पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते मॉस्कोत, आणि तेही युद्धाच्या तयारीत. १९३८ मध्ये कार्पोव्ह संस्थेच्या एरोसोल प्रयोगशाळेत रोझेनब्लूम आणि इगोर पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह सेल्युलोज ॲसिटेटवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की विजेनं पडलेल्या या धाग्यांचा पातळ थर हवेतला धूर अडवतो आणि तरी त्यातून श्वास घेता येतो. कापडाच्या दृष्टीनं हा धागा कुचकामी होता, कारण त्याचं सूत वळता येत नव्हतं. पण गाळणीला सूत लागतच नाही, गुंता लागतो. पुढच्याच वर्षी त्वेर शहरात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या गाळण्यांचा कारखाना उभा राहिला. महायुद्धानंतर हेच कापड अणुउद्योगात गेलं. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेत साफसफाईला गेलेल्या माणसांच्या तोंडावर 'लेपेस्तोक' नावाचे पांढरे श्वसनमुखवटे होते, ते पेत्र्यानोव्ह यांच्याच कापडाचे. सोव्हिएत संघात हे काम अर्धशतक कारखान्याच्या प्रमाणावर चाललं आणि बाहेरच्या जगाला त्याचा फारसा सुगावा लागला नाही. पश्चिमेच्या पुस्तकांत 'इलेक्ट्रोस्पिनिंग १९९० च्या दशकात आलं' असं अजूनही कुठेकुठे सापडतं. मला त्याचं हसू येतं.

हाडाचा इतिहास याच्या समांतर चालला होता, पण दोघांची गाठ पडायला अवकाश होता.

ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांच्यापुढे १८७९ च्या सुमारास एक लहान मुलगा आला. जंतुसंसर्गानं त्याच्या दंडाच्या हाडाचा मधला भागच नाहीसा झाला होता, हात लोंबकळत होता. मॅकएवन यांच्याकडे त्याच वेळी मुडदूस झालेली मुलंही येत. त्यांचे वाकडे पाय सरळ करताना नडगीच्या हाडातून पाचरी काढाव्या लागत. या टाकाऊ पाचरी त्यांनी बारीक करून त्या मुलाच्या दंडात टप्प्याटप्प्यानं बसवल्या. हाड धरलं, हात कामाचा झाला. एका माणसाचं हाड दुसऱ्या माणसाला लावल्याची ही नीट नोंदलेली पहिली शस्त्रक्रिया मानतात. तेव्हापासून शल्यवैद्यांचा पहिला भरवसा हाडावरच राहिला: शक्य तर रुग्णाच्या स्वतःच्या कमरेतून खरवडून घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या माणसाचं. स्वतःचं घेतलं तर एक जखम बरी करायला दुसरी करावी लागते, आणि कमरेतून निघून निघून निघणार किती? दुसऱ्याचं घ्यायचं तर ते निर्जंतुक करून साठवायची व्यवस्था हवी. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू झाली, तिथं दान मिळालेलं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. पण गरज आणि पुरवठा यांचा मेळ अशा पेढ्यांनीही बसत नाही.

हाडाऐवजी दुसरं काही बसवायचं तर हाड आतून कसं असतं ते कळायला हवं. वजनाच्या हिशेबानं हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा, हायड्रॉक्सिॲपटाइट नावाच्या कॅल्शियम फॉस्फेटाचा. उरलेल्यात मुख्य वाटा कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा. निव्वळ खनिज असतं तर हाड खडूसारखं तुटलं असतं. तंतूंमुळे ते लवतं आणि ताण सोसतं. या कोलॅजनच्या रेणूची रचना उलगडली ती आपल्याच देशात. १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी तीन साखळ्यांचा एकमेकींभोवती वळलेला गोफ 'नेचर'मध्ये मांडला. क्ष-किरणांखाली धरायला त्यांना कोलॅजनचा चांगला नमुना हवा होता. तो मिळाला मद्रासच्याच चर्मसंशोधन संस्थेत, कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळांनी आधी वाद घातला, नंतर मान्य केलं.

१९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी दुसरा धक्का दिला. हाडातलं खनिज आम्लानं काढून टाकलं आणि उरलेला चोथा प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर तिथं, जिथं हाडाचा काही संबंध नाही तिथं, हाड तयार होतं. चोथ्यात असं काहीतरी होतं की ते आसपासच्या पेशींना हाड बांधायचा हुकूम देत होतं. पुढे त्याला हाड घडवणारं प्रथिन, बीएमपी, असं नाव पडलं. म्हणजे हाडासाठी तीन गोष्टी लागतात हे ठरलं: बांधायची जागा, बांधणारे हात आणि हुकूम. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांनी 'सायन्स'मधल्या लेखात या विचाराला ऊति अभियांत्रिकीचं रीतसर रूप दिलं.

धाग्याची आणि हाडाची गाठ पडली ती ओहायोतल्या ॲक्रनला, टायरच्या कारखान्यांच्या गावी. तिथल्या विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी जयेश दोशी या विद्यार्थ्याबरोबर विजेच्या कताईचा निबंध १९९५ मध्ये छापला आणि त्यानंतर या विषयाला पूर आला. आता धागा दिसत होता, हे महत्त्वाचं. १९६५ पासून बाजारात आलेला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आता बहुतेक विद्यापीठांत होता. बॉइज यांच्या काळी असलं काही नव्हतं. कोलॅजनचे तंतू ५० ते ५०० नॅनोमीटर जाडीचे, आणि विजेनं काढलेला धागाही नेमका त्याच पट्ट्यात बसत होता. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ली, लॉरेन्सिन, ट्युआन आणि को यांच्या गटानं असा गुंता पेशींना आपला वाटतो हे दाखवलं. २००३ मध्ये बॉस्टनला योशिमोतो आणि व्हॅकांटी यांच्या गटानं पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या जाळीवर उंदराच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी सोडल्या. चार आठवड्यांनी जाळीवर पेशींचे थर चढले होते, कोलॅजन बनलं होतं आणि खनिजही साठू लागलं होतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे काही नवं रसायन नव्हे, नायलॉनवाल्या कॅरोथर्स यांच्या गटानं ते १९३० च्या दशकातच बनवलं होतं. तेही या धाग्यासारखंच काम मिळायची वाट पाहत पडून होतं.

हा धागा निघताना बघण्यासारखा असतो. बहुलकाचं, म्हणजे पॉलिमरचं, गुळगुळीत दाट द्रावण पिचकारीत भरलेलं, पिचकारीचा दट्ट्या मोटरनं तासाला मिलिलीटरभर सरकतोय. सुईला दहा-वीस हजार व्होल्टची तार. वीतभर अंतरावर जमिनीला जोडलेला ॲल्युमिनियमचा कागद. व्होल्टेज वाढवत नेलं की सुईच्या टोकावरचा थेंब लांबट होतो, टोकदार होतो आणि एकदम त्यातून धार सुटते. काही अंतर ती सरळ जाते, मग दिसेनाशी होते. पूर्वी समज असा, की तिथं एका धारेच्या अनेक धारा फुटतात. २००० साली रेनेकर आणि यारिन यांनी वेगवान कॅमेरे लावून दाखवलं, की धार एकच असते. अंगावरच्या विजेमुळे ती स्वतःलाच ढकलते आणि चाबकासारखी गरगरते. त्या गरगरण्यातच ती हजारो पट ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि कोरडा धागा कागदावर पडतो. तासाभरानं कागदावर पांढुरकी साय धरते. रायपूर-नागपूरकडच्या पावसाळ्यात मात्र हवा दमट असते आणि धाग्याला मण्यांसारख्या गाठी येतात, म्हणून हुशार विद्यार्थी खोली कोरडी करून मगच यंत्राला हात लावतो.

औषधाची गोष्ट इथूनच सुरू होते. पिचकारीतल्या द्रावणात औषध मिसळलं, की ते धाग्यात अडकून राहतं. २००२ मध्ये केनावी आणि सहकाऱ्यांनी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक असं धाग्यांत भरून दाखवलं; काही जाळ्यांतून ते पाचेक दिवस सुटत राहिलं. हाडाच्या संसर्गात याचं मोल मोठं आहे. हाड सडलं की तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि मग शिरेतून दिलेलं औषध नेमकं हवं तिथं पुरेसं पोचत नाही. जर्मनीच्या बुखहोल्त्स यांनी १९७० मध्येच सांध्याच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळून ही अडचण सोडवायचा प्रयत्न केला होता. सिमेंट काम करतं, पण ते जन्मभर तिथंच राहतं. विरघळणारा धागा अधिक शहाणा.

शहाणा, पण उतावळाही. औषधाचा बराचसा भाग धाग्याच्या पृष्ठभागाजवळ बसतो आणि ओलावा लागताच पहिल्या एक-दोन दिवसांत भसकन बाहेर पडतो. हाड भरून यायला महिने लागतात. हुकूम एकदम मिळाला तर काय होतं, हे शल्यवैद्यांना बीएमपीनं दाखवून दिलं. अमेरिकेत कोलॅजनच्या स्पंजात भिजवलेलं बीएमपी-२ जुलै २००२ मध्ये पाठीच्या मणक्यांसाठी मंजूर झालं. मात्रा मोठी, आणि स्पंजातून ती पटकन सुटणारी. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, की मानेच्या मणक्यांत वापरल्यावर सूज येऊन जिवावर बेतलं आहे. २०११ मध्ये मणक्याच्या एका नामांकित नियतकालिकानं जवळजवळ अख्खा अंक काढून मूळ चाचण्यांतले दुष्परिणाम कसे कमी दाखवले गेले होते ते मांडलं. परांचीतून औषध सावकाश सुटावं हा हट्ट त्यानंतर वाढला. धाग्यात धागा घालायचा, म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन सुयांतून औषधाचा गाभा आणि वर बहुलकाची साल अशी कताई करायची, हा उपाय २००३ च्या आसपास निघाला होता, त्याला आता खरा अर्थ आला.

मध्य भारताला या सगळ्याशी काय देणंघेणं? आहे, आणि ते रक्तातून येतं. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. विदर्भ आणि छत्तीसगड या पट्ट्यात अनेक जातीजमातींत हा आजार आहे. रायपूरला त्यासाठी स्वतंत्र संस्थाच आहे. विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा मरायला लागतो. ऐन विशी-तिशीतली माणसं लंगडत बाह्यरुग्ण विभागात येतात. शिवाय या रुग्णांच्या हाडात जंतुसंसर्गही सहज होतो, त्यातही टायफॉइडच्या कुळातल्या साल्मोनेलाचा. हाड मेलेलं, रक्त पोचत नाही, संसर्ग बसलेला: कागदावर पाहिलं तर औषध सोडणारी परांची जणू याच रुग्णासाठी बेतलेली वाटते. प्रत्यक्षात त्याला आजही हाडात भोक पाडून दाब कमी करणं किंवा धातूचा खुबा, हेच पर्याय मिळतात.

कारण या जाळीच्या अडचणी मोठ्या आहेत, आणि त्या शोधनिबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलून दिल्यानं संपत नाहीत. पेशी दहा-वीस मायक्रॉनची, आणि नॅनोधाग्यांमधल्या फटी त्याहून लहान. पेशी वरच पसरते, आत शिरत नाही. बॉस्टनच्या पहिल्या प्रयोगातही खरी दाटी वरच होती. हाड आणि रक्तवाहिन्या आत वाढायला शंभर मायक्रॉनहून मोठ्या पोकळ्या हव्यात. शिवाय जाळी पडते कागदासारखी पातळ, आणि खुब्यावर माणसाचं सारं वजन. मग कुणी पाण्यात विरघळणारे धागे मधे मिसळून नंतर धुऊन टाकतं, कुणी जाळ्यांच्या गुंडाळ्या करतं, कुणी त्रिमितीय मुद्रणानं जाड सांगाडा करून त्यावर नॅनोधाग्यांचा लेप देतं. माझ्या समजुतीप्रमाणे पहिला पक्का उपयोग दातांच्या डॉक्टरांकडे होईल: हिरडी आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये ठेवायचा पातळ पडदा. तिथं भार नाही, जाडी नको, आणि थोडं प्रतिजैविक सुटलं तर हवंच आहे. नागोयाच्या संशोधकांनी इलेक्ट्रोस्पिनिंगनं केलेली कापसासारखी एक हाडभरणी अमेरिकेच्या बाजारापर्यंत नेली, पण तिचे धागे दहा मायक्रॉनच्या पुढचे, म्हणजे नॅनो अजिबात नाहीत. शल्यवैद्याला चिमटीत धरून पोकळीत दाबता येईल असा कापूस हवा होता. त्याला नॅनोमीटरशी कर्तव्य नव्हतं.

मराठी माणसांनीही या प्रांतात वेगवेगळ्या वाटांनी पाय ठेवला आहे. कानपूरला आयआयटीत शिकलेल्या संदीप पाटील यांनी ई-स्पिन नॅनोटेक ही कंपनी काढली आणि देशातल्या प्रयोगशाळांना ही कताईची यंत्रं बनवून देऊ लागले. कोविड आला तेव्हा त्यांच्याच धाग्यांचे मुखवटे बाजारात आले. पेत्र्यानोव्ह यांची १९३८ ची वाट पुन्हा एकदा चालून झाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी तुतीच्या रेशमातलं फायब्रॉइन हे प्रथिन घेतलं, पण धागा केलाच नाही. त्याचे सूक्ष्म कण करून एकमेकांना जोडले आणि दाब सोसणारी सच्छिद्र परांची बनवली; सशाच्या हाडात ती घालून पाहिल्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. शक्ती हवी तर नॅनोधाग्याचा मोह सोडावा, हा त्यांचा निर्णय मला फार पटतो.

रेशमाचा विषय निघाला की कोसा, म्हणजे टसर, येतोच. छत्तीसगडात ज्याला साजा म्हणतात तो आपला ऐन. त्याच्यावर आणि अर्जुनावर टसरची अळी उघड्या रानात वाढते. बस्तर, कोरबा, रायगढपासून भंडारा-गडचिरोलीपर्यंत तिचा मुलूख. आरमोरीकडे ढिवर कुटुंबं अळ्या झाडांवर चढवून पाखरं आणि मुंग्या यांच्यापासून महिनाभर राखण करतात. कोश अंड्याएवढा, टणक, स्वतःच्या देठानं फांदीला लटकलेला. सोड्याच्या पाण्यात उकळून तो मऊ करायचा. चांप्याकडच्या बायका मांडीवर घासून त्याचा धागा काढत आल्या.

खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांनी या कोशाकडे कापड म्हणून नाही तर पेशींची जागा म्हणून पाहिलं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पिअरश्बाकर आणि रूओस्लाहती यांनी दाखवलं होतं, की पेशी ज्या जागी पकड घेते तिथं प्रथिनात आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल हे तीन दुवे ओळीनं असतात. कारखान्यात बनलेल्या बहुलकांना ही पकड वेगळी चिकटवावी लागते. तुतीच्या रेशमातही ती नाही. टसरच्या फायब्रॉइनमध्ये ती जन्मतःच आहे. कुंडू यांच्या गटानं टसरच्या फायब्रॉइनच्या परांच्या केल्या आणि २०१५ च्या सुमारास पॉलिव्हिनाइल अल्कोहोलबरोबर त्याची विजेवर कताई करून हाडासाठी नॅनोधाग्यांची जाळीही बनवली.

अडलं ते अगदी साध्या ठिकाणी. तुतीचं रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळतं, टसरचा कोश त्याला दाद देत नाही. ज्या चिवटपणासाठी कोसा नावाजलेला आहे, तोच प्रयोगशाळेत आडवा येतो. म्हणून कुंडू यांनी कोशाचा नादच सोडला आणि कोश बांधायच्या बेतात असलेल्या पक्व अळीच्या पोटातल्या रेशीमग्रंथी काढून घेतल्या; तिथं फायब्रॉइन अजून द्रवरूपात असतं. प्रयोगापुरतं हे ठीक आहे. रुग्णालयांना पुरवायचं म्हटलं तर कोश होण्याआधीच अळी मारावी लागेल, आणि राखण करणाऱ्याच्या हाती विकायला कोश उरणार नाही. टसरचा कोश आयनिक द्रवांत विरघळवण्याचे प्रयोग झाले आहेत. ते द्रव महाग असतात, आणि शरीरात बसवायच्या वस्तूतून त्यांचा अंश धुऊन काढावा लागतो. ते साधलं, तर पतंग भोक पाडून बाहेर पडल्यावर मागे राहणारे फुटके कोशही चालतील. त्यांच्यातून अखंड धागा निघत नसल्यानं आज त्यांना मोल कमी येतं.